कुकरची रिंग

यादी आपण जेवणाच्या टेबलावरच केली,
मिहिकाच्या गणिताच्या वहीचं मागचं पान फाडून.
डावीकडे तू, उजवीकडे मी,
मध्ये पट्टीने मारलेली रेघ.
पट्टीशिवायही तुझी रेघ सरळच येते,
असं मी म्हणाले आणि तू हसलास, विभास,
वर्षभरानंतर, माझ्यासमोर.

फ्रिज मला. वॉशिंग मशीन तुला.
पुस्तकांच्या कपाटाशी अर्धा तास अडलो,
भांडलो नाही, वाचत बसलो.
वारज्याच्या फ्लॅटचे हप्ते माझ्याकडे,
तुझे गुंतलेले पैसे तीन वर्षांत, बिनव्याजी.
तुझी आई म्हणाली, लिहून घे रे तिच्याकडून.
मी लिहून दिलं. त्यांना चहाही दिला.

मिहिका कुठल्याच रकान्यात बसेना.
तिचं नाव आपण रेघेवरच लिहिलं,
आडवं, दोन्हीकडे पसरलेलं.

मावशी फोनवर म्हणाली,
भांडण नाही, तंटा नाही, मग सोडता कशाला?
म्हटलं, दूध उतू जायच्या आत
गॅस बंद करतो ना आपण, तसं.
मावशीला पटलं नाही.
मलाही काही रात्री पटत नाही.

सहा महिने दिले होते विचार करायला.
आपण केला, अगदी मन लावून.
एका रविवारी तळजाईच्या टेकडीवर गेलो,
मोर ओरडत होते, आपण गप्प होतो,
आणि उतरताना दोघांच्याही लक्षात आलं
की आपण सोबत छान चालतो,
घरात शिरलो की मात्र श्वास आखडतो.

शिवाजीनगरच्या कोर्टात, आमच्या बाकावर,
एक बाई होत्या सात वर्षं जुन्या
(लग्नाने नव्हे, केसने).
मंगळसूत्र चार तोळ्यांचं की साडेतीन,
यावर अकरा तारखा गेल्या, म्हणाल्या.
वकिलांच्या फीत तेवढं सोनं दोनदा झालं असतं.
मुलगा दहावीला.
कोणाकडे राहायचं, विचारलं त्याला,
तो म्हणाला, होस्टेलला.
मग त्यांनी मला विचारलं, तुमची कितवी?
दुसरी, मी म्हणाले, आणि बहुतेक शेवटची.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं
लक्ष्मी रोडवर पहिल्या फेरीत
पार्किंग मिळालेल्या माणसाकडे पाहावं, तसं.

आत साहेबांनी विचारलं, जबरदस्ती?
नाही.
दबाव, आमिष?
नाही.
मुलीचं काय ठरलंय?
आपण दोघं एकदम बोलायला लागलो,
एकदम थांबलो,
तू बोल, तू बोल,
आणि शेलार वकीलबाई खाली मान घालून
कागद लावत राहिल्या.
शनिवार-रविवार तुझ्याकडे, शाळेची फी निम्मी निम्मी,
दिवाळी एक आड एक, पण पहिली आंघोळ
दोघांच्याही हातची.
हे शेवटचं टाइप करताना
वकीलबाईंनी विचारलं होतं, हेही लिहायचं?
हो, तू म्हणाला होतास, हेच ठळक लिहा.

मी रडले. सांगून टाकते.
लेडीज टॉयलेटला रांग होती म्हणून
जिन्यातच, भिंतीकडे तोंड करून.
तू पाण्याची बाटली घेऊन
चार पायऱ्या खाली उभा राहिलास.
जवळ आला नाहीस.
तेवढं अंतर आपल्याला
अकरा वर्षांत कधी साधलं नव्हतं.

सिव्हिल कोर्टच्या मेट्रो स्टेशनात
तू खाली गेलास, पिंपरीच्या गाडीला,
मी सरकत्या जिन्याने वर, वनाझकडे.
कार्डात माझ्या बारा रुपये होते.
ते तू आधीच भरून ठेवले होतेस, सवयीने.

रात्री तुझा मेसेज.
कुकरची शिट्टीच होत नाही.
मी कपाट उघडलं. रिंग इथेच राहिलेली,
यादीत तिला कोणी धरलंच नव्हतं.
शनिवारी मिहिकाबरोबर पाठवते.
तोवर?
तोवर पातेल्यात कर. दुप्पट पाणी, मंद आच,
झाकण सारखं उघडून बघू नकोस.

तू अंगठा पाठवलास.
अर्ध्या तासाने
करपलेल्या भाताचा फोटो.