उरी

सेशन्स कोर्टात दुभाष्याचं काम करते मी, सतरा वर्षं.
तोंड भाड्यानं दिल्यासारखं:
साक्षीदार मराठीत रडतो,
मी इंग्रजीत कोरडं बोलते.

बुधवारी पुकारा झाला, राज्य विरुद्ध जयदास भांजी.
फिर्यादी हरेश्वर नाखवा, वय एकावन्न, राहणार माझगाव कोळीवाडा,
डाव्या बरगडीखाली सव्वादोन इंच खोल जखम.
कोयती टेबलावर, प्लास्टिकच्या पिशवीत,
वर लाखेची मोहर.

कागदांत जयदासचं नाव एकदाच येतं.
पुढं सगळीकडे असेलंट.
असेलंट समोरून आला,
असेलंटनं वार केला,
असेलंट गोदीच्या भिंतीकडे पळाला.
दर वेळी मी म्हणते, हल्लेखोर.

जेवणाच्या सुट्टीत डब्याआधी कोश उघडायची खोड आहे मला,
आणि त्या दिवशी डब्यात शेपू होता, घाई नव्हती.
असेलंट: लॅटिनातून फ्रेंचात, तिथून इंग्रजीत.
मुळात अर्थ एवढाच,
अंगावर उडी घेणारा.
सुऱ्याचा उल्लेख नाही, रागाचा नाही.
त्याच बिऱ्हाडात त्याची भावंडं:
इन्सल्ट, म्हणजे कुणाच्या अंगावर उड्या घेत जाणं,
रिझल्ट, म्हणजे उडून माघारी येणं,
आणि सामन मासाही म्हणे ह्याच घरचा,
प्रवाहाविरुद्ध उडतो म्हणून.
कोशकारांना त्याची खात्री नाही.

आपला हल्लेखोर उडत नाही.
तो खातो.
लाचखोर लाच खातो, चुगलखोर चुगल्या,
हा हल्ल्यांवर जगतो.
हल्ला कुठून आला ह्यावर पंडितांची भांडणं आहेत,
पण खोर फारसी, आणि कायमचा उपाशी.

म्हणजे एका भाषेत जयदास अजून हवेत,
दुसरीत ताटावर बसलेला,
आणि आरोपीच्या पिंजऱ्यात
चौकड्यांचा शर्ट, झिजलेली स्लिपर,
अंगठ्याचं नख काळं पडलेला
एक माणूस उभा.

अडीच वाजता वकिलांनी विचारलं,
आरोपीला कधीपासून ओळखता?
हरेश्वरनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला.
"आरोपी? जयदास?
त्यानंच मना शिकविली उरी."

टायपिस्टची बोटं थांबली.
जज्जसाहेब अकोल्याकडचे. म्हणाले,
उरी म्हणजे उरात? वार छातीवर झाला, असं म्हणणं आहे का?

नाही, साहेब.
ह्यांच्या बोलीत ड चा र होतो.
उडी.
भाऊच्या धक्क्यावरून, पाण्यात.
हा नऊ वर्षांचा, तो अकराचा,
भरती बघून, पाय जुळवून, नाक न धरता.
हा कठड्यावर अडून बसला की तो आधी मारायचा
आणि खालून, पाण्यातून,
दोन्ही हात वर करायचा.

जज्ज म्हणाले, रेलेव्हंट नाही. पुढं चला.
टायपिस्टनं ओळ पुसली. एक बटण, बस.
जयदासनं मान खाली घातली,
किंवा नुसता नखाकडे पाहत होता,
मला सांगता येणार नाही.

मग तो प्रश्न, जो शेवटी येतोच:
असेलंटनं तुमच्यावर झेप कशी घेतली?

मी म्हटलं, हल्लेखोर अंगावर कसा आला?

हरेश्वरचा हात शर्टावरून
बरगडीखालच्या त्या जागेशी गेला
आणि तिथंच राहिला.
"तो उबाच व्हता," तो म्हणाला.
"मीच गेलू त्याचे आंगावर."

सरकारी वकील उठले. पंखा फिरत होता.
सगळे माझ्याकडे बघत होते, इंग्रजीची वाट पाहत.

दुभाष्याचा नियम असा की 'तो म्हणतो' म्हणायचं नसतं.
साक्षीदाराचा मी तोच आपला मी.
म्हणून भर कोर्टात, शपथेवर,
मी सांगितलं:
तो उभाच होता.
मीच गेले त्याच्या अंगावर.