चौथा प्रकार

निवतीच्या पुळणीवर गुणाजी मेतर
जाळं मांडीवर घेऊन बसलेत
आणि मी त्यांना विश्वाचा शेवट सांगतेय,
कारण त्यांनीच विचारलं:
'सात वर्सां पुण्याक काय करी होतंस गो?'

विश्व पसरतंय, मी म्हटलं.
पसरता पसरता गणित कुठे मोडतं ते शोधत होते.
मोडण्याचेही प्रकार असतात.

त्यांनी सुई थांबवली नाही. 'सांग.'

एकात सगळं उलट फिरतं.
दोन्ही टोकांनी रापण ओढावी तसं आकाश आवळत येतं,
आसाला आस चिकटतो,
तारली, बांगडा, खेकडा, शेवाळ, एकच ढीग,
आणि मग ढिगालाही जागा उरत नाही.
'रोजचाच,' ते म्हणाले.

दुसऱ्यात ताण ठरल्या तारखेला अनंत होतो.
आधी दीर्घिका एकमेकींना हरवतात,
मग खडकावरच्या दीपगृहाला निवती,
मग गाठीला सूत,
शेवटी सुताला पीळ.
'तारीख कळता?'
समीकरणात कळते.
'मगे तेवडे दिवस बंदी लावूक सांग सरकाराक.'

बिनतारखेचं फाटणंही असतं.
कुठलाच दिवस शेवटचा नाही,
तरी एकेक गाठ सुटत राहते.
यावर ते काही बोलले नाहीत.
कुंपणावर टाकलेल्या जुन्या जाळ्याकडे पाहिलं फक्त.

मग अचानक येणारी:
आकार शाबूत, घनता शाबूत, दाब तेवढा अनंत.
खोल बुडी मारल्यावर कानात होतं ना, तसं,
पण एकाच क्षणाचं, आणि आरपार जाता येतं.
त्यांनी नकळत कान चोळला.
हिचा कागदावरचा क्रमांक वेगळा आहे, मी क्रम चुकवला.
आणखी एक सांगायची होती,
तेवढ्यात पद्मिनी सुंगटं मागायला आली
आणि ती राहूनच गेली.

माझा प्रबंध चौथ्या प्रकारावर.
आकार आहे, घनता आहे, दाब आहे, सगळं मोजता येतं.
वेग येतो, वेगाचा बदलही येतो.
त्याच्याही मागे, बदलाच्या बदलाच्या बदलात
एक आकडा हातातून निसटतो.

'कायएक तुटूक नाय,' ते म्हणाले, 'मगे बिघाडला काय?'

परीक्षकांनी हेच विचारलं होतं, इंग्रजीत.

सूत संपलं. नवीन रीळ लावताना
त्यांनी मान खाली घालूनच सांगितलं:
एका सकाळी रापणीचा दोर हातात,
दर्या सपाट, बारा माणसं ह्या टोकाला, बारा त्या,
ओढ रोजची,
आणि तळव्यात काहीतरी.
'धक्को नाय. धक्को कळता. हो कळना नाय.'
जाळं आलं, भरून आलं,
वाटे पडले, त्यांचा वाटा चोख मिळाला.
तेव्हापासून ते पाण्यात उतरले नाहीत.
घरच्यांनी कौल लावला, उजवा आला.
कुडाळच्या डॉक्टरने ईसीजी काढला, नॉर्मल आला.
एकोणीस वर्षं.

'तोच काय गो, तुझो चौथो?'

मी हो म्हटलं नाही, सिद्ध करता आलं नसतं.
मलाही संस्थेतून कोणी जा म्हटलं नव्हतं.
शिष्यवृत्ती चालू होती, खोलीत खिडकी होती,
दाब होता, पण सांगण्यासारखा नव्हता.

त्यांनी पुढचा आस अंगठ्यावर मोजला.
पुरा भरला.
तरी
पुन्हा मोजला.