निळी टोपी

श्कान्देरा पेटी घेऊन आला तेव्हा
ऑस्त्रावाच्या ट्रामरुळांत बर्फ दगडासारखा बसलेला.
पेटी त्याने घोंगडीत गुंडाळली होती,
आजारी शेळी आणावी तशी.
"अर्ध्या तासात बंद पडते," म्हणाला, "न सांगता."

एकतीस वर्षं हा माणूस
कोळशाच्या खाणीत वारा मोजायचा.
कुठल्या बोगद्यात किती हवा,
कुठलं दार उघडं, कुठे पडदा.
आता खाण बंद. पाणी वर चढतंय.
आणि हा रोज रात्री स्क्रीनवर
बुडालेली खाण पुन्हा खणतो,
बोगद्याला बोगदा जोडत.
सातव्या पातळीवर पोचला की
अंधार.

मी झाकण काढलं.
आत पाच पंखे. दोन त्याने स्वतः बसवलेले,
पत्रा कापून, कडा कानशीने घासून.
हवा सरळ आत, सरळ बाहेर.
यात मी त्याला काय शिकवणार?

तरी करायचं ते केलं.
धूळ फुंकली. वाळलेली पेस्ट पुसून
नवी लावली, वाटाण्याएवढी.
कूलरच्या बुडाला कारखान्याची पारदर्शक पट्टी
राहून गेलीय का, नखाने पाहिलं.
(लोक विसरतात. मीही एकदा विसरले होते.)
चाचणी लावली.
चौऱ्याहत्तर. अठ्ठ्याऐंशी.
पंच्याण्णव.
पंखे किंचाळायला लागले.

"वारा भरपूर आहे," श्कान्देरा म्हणाला.
मग थांबून, स्वतःशीच:
"म्हणजे आगच मोठी."

बायोस उघडलं. व्होल्टेज: ऑटो.
शेजारी बारीक आकड्यांत एक पूर्णांक चार एक.
कुणी हात लावलेला नव्हता. आलं तसंच होतं.

"कारखाना चुकतो?" त्याला पटेना.
चुकत नाही, म्हटलं. भितो.
एकाच तबकडीतून कापलेल्या चिपा,
काही थोडक्यात भागवणाऱ्या, काही हावऱ्या,
कुठली कुणाच्या घरी जाईल, कुणास ठाऊक.
म्हणून सगळ्यांच्या ताटात
सगळ्यांत अशक्त चिपेच्या हिशेबाने वाढतात.
तुमची धडधाकट आहे.
नको तेवढं पोटात घेऊन तापते.

तो हसला नाही.
"माझा धाकटा भाऊ न्यूमोनियाने गेला," म्हणाला,
"मग आईने मला जूनपर्यंत
तीन स्वेटर घातले. दर वर्षी."

मग आम्ही खाली उतरलो, पायरी पायरीने.
वजा पंचवीस मिलिव्होल्ट. चालली.
वजा पन्नास. चालली, पंखे जरा नरमले.
वजा पंच्याहत्तर. वजा शंभर.
त्र्याहत्तर अंशांवर काटा टेकला
आणि मला हाव सुटली.
वजा सव्वाशे:
स्क्रीन निळी.

तो स्टुलावरून उठलाच.
दिव्याच्या ज्योतीला निळी टोपी आली
की खाणीत कुणी वाद घालत नाही, म्हणाला.
आल्या पावली मागे.
आल्या पावली मागे आलो.
वजा शंभर. सेव्ह.

रात्रभर चाचणी चालली.
तो घरी गेला नाही.
अधूनमधून तळहात ओला करून
पेटीमागच्या वाऱ्यात धरायचा,
मान डोलवायचा, वहीत काही लिहायचा.
सकाळी बिल पाहून भुवया वर.
"लावलं काहीच नाही. काढलंच फक्त."
पेस्टचे पैसे घेतले, आणि कॉफीचे नाही.

गुरुवारी फोन.
आठव्या पातळीवर पोचलोय, म्हणाला.
मग बराच वेळ नुसता श्वास.
"एक विचारू? एखादा पंखा
पुन्हा जोरात लावता येतो?"
का, गरम होतंय?
"छे. फार शांत आहे.
पंख्याचा आवाज थांबला
की आम्ही पळायचो."

कुठे जायचं, कुठली कळ दाबायची, सांगितलं.
पंखा क्रमांक चार. ऑटो काढा.
पलीकडे खुर्ची करकरली,
आणि जरा वेळाने
फोनमधून वारा ऐकू आला.