भुंग्यांचं खोकं

भुंगे इथे ट्रकने येतात.
पुठ्ठ्याचं खोकं, दोन बोटं जातील एवढी झडप,
तळाला साखरपाण्याची पिशवी,
वर छापलेलं: उलटं धरू नये.
आठ आठवडे चालतात, मालकीण म्हणते,
बॅटरीबद्दल बोलावं तसं.

अल्मेरियाच्या या पांढऱ्या प्लॅस्टिकखाली
वारा येत नाही, म्हणून फुलं हलत नाहीत.
आधी आम्हीच थरथरती कांडी घेऊन
ओळीओळीनं फुलांना गुदगुल्या करायचो.
लहसेन, ती म्हणाली, भुंगा स्वस्त पडतो.

एन्कार्नाच्या बापानं इथेच शेळ्या राखल्या.
तेव्हा खडक होता, वारा होता, आणि भूक.
भुकेला ती अजून भिते,
म्हणून मी तिच्याजवळ प्लॅस्टिकचा विषय काढत नाही.
तिच्या तरी हातात काय आहे?
जर्मनीहून निरोप येतो:
सत्तावन्न ते सदुसष्ट मिलिमीटर.
लोखंडी कडीतून एकेक टोमॅटो जातो.
अडकलेले शेजारच्या शेळ्यांना.
वाकडं, फुटकं, गोड ते सगळं
त्याच खातात.

माल हिरवाच तोडायचा.
तो झोपेत लाल होतो,
ट्रकमध्ये, फ्रान्स ओलांडताना.

लाइपझिगला एक बाई आहे.
मी पाहिलेली नाही; चुलतभाऊ इद्दर तिथे फळ्या भरतो.
जानेवारीत, हातमोजे काढून
ती टोमॅटोचा घोस नाकाशी धरते
आणि डोळे मिटते.
वास देठाला असतो, बाई.
फळाला नाही.
देठासकट उगाच नाही पाठवत आम्ही.
घरी जाऊन तू देठ कचऱ्यात टाकशील
आणि सुरी पाण्यातून फिरेल.

माझ्या बोटांचा मात्र तो वास जात नाही.
साबण लावला की फेस हिरवा येतो.
बायको फोनवर विचारते, काय जेवलास?
मसूर.
आणि टोमॅटो?
डब्यातले. इटलीचे.
ती इतकी हसते की लाइन तुटली असं वाटतं.

काल एका खोक्याचे आठ आठवडे भरले.
नियम असा: झडप बंद करायची,
खोकं पिशवीत, पिशवी फ्रीजरमध्ये.
मी ते डोंगराच्या अंगाला नेलं,
जिथे रानओव्याची चार झुडपं अजून तग धरून आहेत,
आणि झडप उघडली.
राणी धरून अकरा उरले होते.
बराच वेळ कुणी बाहेरच येईना.
मग एक आला. पुठ्ठ्यावर चालला.
वाऱ्याची झुळूक लागली तसा
पाय रोवून तिथेच बसला.

आज सकाळपासून
प्लॅस्टिकवर बाहेरून आवाज येतोय.
टक्. थोड्या वेळानं पुन्हा, टक्.
एन्कार्ना मान वर करून बघते,
काही बोलत नाही.
इथे पाऊस पडत नाही,
त्यामुळे पाऊस समजून
सोडून द्यायचीही सोय नाही.