कागदावरची चढण

दोन तिरप्या रेघा कागदावर आधीच छापलेल्या.
पहिली म्हणते, सावध.
दुसरी, चार तास उजवीकडे, म्हणते, आता कर काहीतरी.
ग्वेम्बे खोऱ्यातलं आमचं केंद्र
पहिल्या रेघेपुरतंच बांधलंय.

नामूंगा, पहिलटकरीण, रात्री नऊला आली.
चार सेंटिमीटर. फुली मारली, बरोबर रेघेवर.
मग दर अर्ध्या तासाने लाकडी नळी पोटाला, कान नळीला:
एकशे छत्तीस, एकशे चाळीस, एकशे अडतीस.
आतल्याला घाई नव्हती.
कळा दहा मिनिटांत दोन, त्याही आखूड,
कुणी दार ठोठावून परत जावं तशा.

एक वाजता आठ हवे होते. पाच होते.
फुली रेघ ओलांडून पलीकडे पडली, एकटी.
सिस्टर, उशीर होतोय का?
म्हटलं, माझं नावच चिमुका,
उशिरा आलेली. आले ना शेवटी.

आत्या तिच्या कानाशी वाकली:
कुणाचं नाव दडवलं असशील तर बोलून टाक,
त्यानंच वाट अडते.
नामूंगा भिंतीकडे वळली.
मी ओटीपोट चाचपलं. टम्म.
आत्याबाई, नाव नाही, लघवी तुंबलीय.
भांडंभर निघाली.
आत्यानं ते स्वतः रिकामं केलं,
आणि मग तिनंच तिला धरून अंगणात चालवलं,
मक्याच्या आंबट पेजेचे घोट पाजत.

फ्रीजमध्ये कळा वाढवायची कुपी होती.
ती बाळ झाल्यावर, रक्त थांबवायला.
आधी नाही. जिथे पोट उघडायची सोय नाही
तिथे तर नाहीच.
पाठ आहे मला.
तरी किल्ली खिशात दोनदा चाचपली.

पाण्याच्या टाकीवर चढलं की फोन लागतो.
हामुसोंदे गाडी घेऊन तीनला आला, एका दिव्यावर.
कागद घडी घालून आत्याच्या कापडाच्या गाठीत बांधला:
गेल्या गेल्या आधी हा दाखव.
घाट चढणारा तो एकच दिवा
बराच वेळ दिसत राहिला, तिरपा सरकत.

अकरा दिवसांनी कागद परत आला, लसींच्या खोक्यातून.
माझ्या पेन्सिलीपुढे निळी शाई, अक्षर अनोळखी:
सलाईनमधून औषध, थेंब मोजून. सात. नऊ. दहा.
आठ चाळीस, मुलगी, लगेच रडली.
बाळाच्या नावाला या कागदावर रकाना नाही.
फाईलला लावला.
कोपऱ्यात पेजेचा डाग होता, तोही.