शून्य जुळवताना

सातपूरला माझ्या खोलीत बारा महिने वीस अंश.
बाहेर त्र्यंबक रोडवर मे असो की जानेवारीची बोचरी पहाट,
मी आपली स्वेटर घालून
दुसऱ्यांची मापं खरी आहेत का बघत बसते.
कंपनीत ही खोली कुणाला नीट माहीत नाही.
कुरिअरवाला आधी दोनदा स्टोअरला जाऊन येतो.

सतरा वर्षांत एवढं शिकले:
गेज पडून क्वचितच मोडतो.
तो झिजतो.
दिवसाला दोनशे वेळा भोकात शिरून, बाहेर येऊन,
मिलिमीटरचा हजारावा भाग, मग अजून एक,
आणि दिसायला तसाच, चकचकीत,
पेटीत मखमलीवर.

त्यातही 'गो'ची बाजू आधी जाते.
जी सगळ्यांत शिरते, सगळ्यांना हो म्हणते, ती.
'नो-गो' वर्षानुवर्षं कोरी करकरीत.
गेजचं हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं.
स्वतःचं कळायला वेळ लागला.

माणूस ओव्हरटाइमनं झिजत नाही हो,
ओव्हरटाइम झाला की झोप तरी लागते.
सूचनापेटीची किल्ली हरवलीय
आणि पेटी मात्र दर दसऱ्याला रंगवतात, त्यानं झिजतो.
मी केलेला तक्ता देवरे साहेबांनी मीटिंगमध्ये स्वतःचा म्हणून वाचला,
माझ्या बेरजेतल्या चुकीसकट.
पंधरा वर्षांबद्दल भिंतीवरचं घड्याळ मिळालं,
त्यावर कोरलेलं 'अहिरे'.
मी आहेर.
दुरुस्तीसाठी परत दिलं, ते एचआरच्या कपाटात आहे अजून.
वेळ बरोबर दाखवत असेल.

मग पुण्याहून एक प्रशिक्षक आले.
टाळ्या वाजवायला लावल्या,
डोळे मिटून समुद्र बघायला लावला.
खैरनारांनी डोळे मिटले ते घोरायलाच लागले.
जाताना गरुडाचं एक पोस्टर देऊन गेले,
ते लागलं नेमकं ओल आलेल्या भिंतीवर.
पावसाळ्यात गरुड फुगला.

भाविका पगार जूनमध्ये आली, सिन्नरहून.
आडनाव पगार, हातात स्टायपेंड;
हा विनोद तिनंच पहिल्या दिवशी उरकून टाकला,
आम्हाला संधीच दिली नाही.
एका दुपारी तिनं एक गेज तीनदा मोजला.
"मॅडम, हा खोटं बोलतोय."
तीन मायक्रॉन.
मागच्या महिन्यात पास झालेला.
सही माझी.

मी ती सही बराच वेळ बघत राहिले.
वळण तेच होतं, शेवटचा 'र' तेवढा
कंटाळून सोडून दिलेला.

फोन आला. डिस्पॅच अडलाय,
आजचा दिवस चालवून घ्या, आहेर बाई.
एरवी घेतलंच असतं.
"नाही," म्हणाले.
आवाज निघाला तो न वापरलेल्या वस्तूसारखा,
तेलाचा थरही न पुसलेला.

लाइन चार तास थांबली.
शाबासकी कुणी दिली नाही.
देवरे साहेब दोन दिवस बोलले नाहीत, ती एक सोयच झाली.
रात्री बसमधून सिडकोला उतरले.
आनंद वगैरे म्हणतात तसं काही नव्हतं.
भूक लागली होती, पुष्कळ दिवसांनी.
कोपऱ्यावर उभ्यानं दोन वडे खाल्ले,
तिसरा घरी नेताना वाटेत संपला.

सूचनापेटी अजून बंदच आहे.
पण सकाळी कामाला बसण्याआधी
मी मायक्रोमीटरचे जबडे पुसते, हलकेच मिटते
आणि शून्य येतंय का बघते.
बहुतेक वेळा येत नाही.
एखादी रेघ अलीकडे, एखादी पलीकडे,
काल थोडा शिल्लक असतोच.
त्यासाठी एक छोटी किल्ली असते.
तिनं बाही फिरवायची, केसभर,
जोर लावायचा नाही.

"रोज कशाला, मॅडम? काल तर जुळवलं होतं."
भाविका विचारते.
मी स्वेटरच्या बाह्या वर सारते
आणि किल्ली तिच्या हातात देते.