कोरं डोकं

लोटनभाऊंच्या नव्या घरासाठी मोर हवा होता.
सोफ्याच्या वर, पिसारा फुलवलेला,
शहाद्यात दर तिसऱ्या घरात आहे तसा.
मी हो म्हटलं. पेन्सिलनं मान काढलीसुद्धा.
मग कापड उलटं केलं.

कारण माघात, तोरणमाळच्या चढावर,
दिलवर पावरानं मोटरसायकल थांबवून बोट दाखवलं होतं:
पानं झडलेल्या सागावर, भर दुपारी,
मुठीएवढा रानपिंगळा.
शेपटी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे,
आई रागावली की पदर झटकायची तशी.
किराण्याच्या बिलामागे मी त्याला उतरवला.
पायांनीच निम्मा कागद खाल्ला. केवढे पाय!

खाली पडलेली पानं आधी भरली.
तपकिरी काही एका लडीत मिळत नाही.
गुळाची, गंजाची, बशीत वाळलेल्या चहाची,
आणि एक, जिला मी दोंडाईच्याची म्हणते:
वाळत घातलेल्या मिरचीची, उन्हाच्या तिसऱ्या दिवसाची.
सातपुड्याला नुसता धावदोरा.
दुरून तो तसाच दिसतो,
मध्ये मध्ये कापड सोडलेला.

डोक्यावर सवयीनं ठिपके घातले,
पांढरे, गाठीचे. एकोणीस.
दिलवर आला, चहा प्याला, बघत राहिला.
"ठिपके गावातल्या पिंगळ्याला, ताई.
याचं डोकं कोरं."
उसवण्यात रात्र गेली.
टाका घालताना लागतो त्याहून
काढताना हात हलका लागतो,
आणि कंदील नव्हे, मोबाईलचा उजेड दातात धरून
ते जमत नाही, हेही कळलं.

डोळा शेवटी.
पिवळा दोरा संपलेला, बाजार मंगळवारी.
पांढराच हळदीच्या पाण्यात बुडवला
आणि चिमट्यानं तारेवर टांगला,
धुतलेल्या मोज्यांच्या शेजारी.

लोटनभाऊंच्या आई, सुपडाबाई, चौकटीपुढे उभ्या राहिल्या.
"मोर कोठे शे वं?"
म्हटलं, झाडावर बघा.
पिसारा शोधत नजर फांदीफांदीनं वर गेली
आणि थांबली.
"हाऊ ते मालेच देखी ऱ्हायना."

मोराचे ठरले होते त्याहून पैसे कमी दिले.
ठीकच. दोराही कमी लागला.
निघताना सांगितलं, खिडकीसमोर लावू नका,
हळद उन्हानं उडते.

एक सांगितलं नाही.
काच बसवण्याआधी
त्याच्या डोक्यावरून मी बोट फिरवलं होतं.
एकोणीसच्या एकोणीस भोकं
अजून उघडी होती.